चार पोर्ट, एक सर्व्हर आणि हरवलेले पत्ते

इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद, जिथे कुठे असाल तिथे निवांत बसा. आज घरातल्या नेटवर्कचा एक असा आजार घेऊ, ज्यात पोर्टचे दिवे लागलेले असतात, तारा धडधाकट असतात, तरीही संगणक म्हणतो "नेट नाही". बहुतेक घरांत यावर एकच उपाय होतो, सगळे बंद करून पुन्हा चालू करायचे. कधी जमते, कधी नाही. जमले तरी का जमले ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच.

मी सैन्यात सिग्नल्स कोअरमध्ये होतो. १५ फेब्रुवारी १९११ रोजी स्थापन झालेल्या या कोअरचे ब्रीद आहे ‘तीव्र चौकस’. आमच्याकडे लाइन बंद पडली की पहिला प्रश्न "कुणी तोडली?" हा नसे. "कुठपर्यंत जिवंत आहे?" हा असे. जिथपर्यंत जिवंत आहे तिथून पुढे सरकायचे. आजचा भाग याच एका सवयीवर उभा आहे.

उदाहरण काशीचे आहे. दशाश्वमेध घाटाच्या मागच्या गल्ल्यांमध्ये मराठी घरे पिढ्यानुपिढ्या आहेत. काशी आणि महाराष्ट्राचा संबंध तुम्हाला सांगायला नको. १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट काशीचेच. त्याच परंपरेतले एक तीर्थोपाध्याय गुरुजी, त्यांचे जुने घर, आणि वर यात्रेकरूंसाठी दहा खोल्या. दोन वर्षांपूर्वी मी आणि सौभाग्यवती तिथे उतरलो होतो.

गुरुजींकडे यजमानांच्या वह्या आहेत. कुठल्या गावचे कोण, कधी आले, कुणाचे श्राद्ध केले, बरोबर कोण होते, सगळे लिहिलेले. जुनी पाने मोडीत आहेत. कागद असा झाला आहे की उलटताना कडा हातात येते. म्हणून त्यांच्या नातवाने एकेका पानाचे फोटो काढून घरच्या सर्व्हरवर ठेवले आणि मूळ वह्या पेटीत बंद केल्या. आता पान पाहायचे तर संगणकावरच.

नातू नोकरीसाठी बंगळूरला गेला. त्यानंतर एका रात्री वीज गेली, ती तीन-चार तास आली नाही. इन्व्हर्टरही बसला. सकाळी सातारा जिल्ह्यातले एक गृहस्थ वडिलांच्या अस्थी घेऊन आलेले. त्यांना वहीतले पणजोबांच्या हातचे अक्षर पाहायचे होते, त्यांची दुपारची गाडी होती, आणि गुरुजींचा संगणक काही उघडून दाखवेना. गुरुजी मला म्हणाले, "कर्नलसाहेब, दिवे तर सगळे लागलेत हो. मग बिघडलंय काय?"

आधी पत्ता म्हणजे काय ते पाहू

काशीत घरांचे क्रमांक अक्षराने सुरू होतात. दशाश्वमेध भागातल्या घरांना ‘डी’, भेलूपूरकडे ‘बी’, चौकाकडे ‘सीके’. पोस्टमन आधी अक्षर बघतो, मग आकडे. नेटवर्कचा पत्ता असाच दोन भागांचा असतो. १९२.१६८.१०.२५ हा पत्ता घ्या. घरगुती मांडणीत बहुधा पहिले तीन आकडे म्हणजे मोहल्ला आणि शेवटचा आकडा म्हणजे घर. २५५.२५५.२५५.० हा जो ‘मास्क’ लिहितात, तो फक्त एवढेच सांगतो की मोहल्ल्याचे नाव कुठे संपते. अशा एका मोहल्ल्यात वापरता येतील असे २५४ पत्ते असतात.

हे पत्ते प्रत्येक यंत्रात हाताने भरायचे तर माणूस वेडा होईल. म्हणून १९९३ साली डीएचसीपी नावाची पद्धत ठरली. तिच्या आधी १९८५ पासून बूटपी नावाची पद्धत होती. आज आपण वापरतो त्या डीएचसीपीचा मूळ आराखडा १९९७ चा आहे.

तिचे काम यात्री-निवासासारखे चालते. नवा यात्रेकरू चौकात येतो. व्यवस्थापक कोण, कुठे बसतो, त्याला माहीत नसते. तो चौकात उभा राहून मोठ्याने विचारतो, "खोली आहे का हो?" हा झाला ‘डिस्कव्हर’. व्यवस्थापक म्हणतो, "बारा नंबर रिकामी आहे." ही ‘ऑफर’. यात्रेकरू म्हणतो, "बारा नंबर द्या मग." ही ‘रिक्वेस्ट’. व्यवस्थापक वहीत नाव लिहून किल्ली देतो. ही ‘ॲक’, म्हणजे पोच. चार वाक्यांत काम संपले. किल्ली मात्र कायमची नसते, मुदतीची असते. तिला ‘लीज’ म्हणतात. मुदतीचा अर्धा काळ गेला की यंत्र स्वतःच मुदत वाढवून मागते.

यातला एक मुद्दा घट्ट धरा. यात्रेकरूची हाक चौकाच्या भिंतीबाहेर जात नाही. सर्व्हरला चार पोर्ट असतील आणि प्रत्येक पोर्ट वेगळे नेटवर्क असेल, तर ते चार वेगळे चौक आहेत. व्यवस्थापक एकच असला तरी त्याचा कान प्रत्येक चौकात हवा, आणि प्रत्येक चौकासाठी खोल्यांची यादी वेगळी हवी. अनेक पोर्टांच्या सर्व्हरवरचे बरेचसे घोळ या एका वाक्यात येतात. एखाद्या चौकात कान नसतो, किंवा त्या चौकाची यादी नसते, किंवा दोन व्यवस्थापक एकाच चौकात बसलेले असतात, किंवा खोल्या संपलेल्या असतात.

घरातली मांडणी

नातवाला फोन लावला. त्याने मांडणी तोंडपाठ सांगितली. पहिले पोर्ट बाहेरच्या फायबरच्या डब्याकडे. इथे सर्व्हर स्वतः यात्रेकरू असतो, पत्ता मागून घेतो. दुसरे पोर्ट गुरुजींच्या बैठकीत, तिथे एक छोटा स्विच, त्यावर संगणक आणि प्रिंटर. मोहल्ला १९२.१६८.१०. तिसरे पोर्ट वरच्या मजल्यावर पाहुण्यांच्या वाय-फायच्या डब्याकडे, मोहल्ला १९२.१६८.२०. चौथे पोर्ट कॅमेऱ्यांसाठी, मोहल्ला १९२.१६८.३०. प्रत्येक मोहल्ल्यात सर्व्हरचा स्वतःचा पत्ता शेवटी १, आणि वाटायच्या खोल्या १०० ते १९९. मांडणी चांगली होती. पाहुण्यांचे फोन गुरुजींच्या संगणकापर्यंत पोचू नयेत म्हणूनच पोर्ट वेगळे ठेवले होते.

मी कागदावर चार चौकोन काढले आणि प्रत्येकापुढे लक्षण लिहिले. सर्व्हरमधून बाहेरचे इंटरनेट चालू. बैठकीतला संगणक बंद. पाहुण्यांपैकी काहींचे फोन चालू, काहींचे बंद. कॅमेरे ठीक.

इथे थांबून विचार करा. चौथे पोर्ट ठीक आहे, म्हणजे सर्व्हर जिवंत आहे आणि पत्ते वाटणारी सेवाही चालू आहे. (कॅमेऱ्यांचे पत्ते हाताने भरलेले नव्हते, हे नातवाला विचारून घेतले. भरलेले असते तर हा निष्कर्ष काढता आला नसता.) जे चालू आहे तो आपला सर्वांत चांगला साक्षीदार. त्याला आधी विचारा.

दुसरे पोर्ट: कान बंद असलेला चौक

गुरुजींच्या संगणकाचा पत्ता पाहिला. तो १६९.२५४ ने सुरू होत होता. हा आकडा पाठ करून ठेवा. यंत्राने पत्ता मागितला, कुणी उत्तर दिले नाही, तेव्हा त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला, असा याचा अर्थ. म्हणजे संगणकाची मागणी करण्याची इच्छा शाबूत आहे. उत्तर मात्र आलेले नाही.

आता दोन शक्यता. एक, हाक सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. दोन, पोचते पण सर्व्हर गप्प आहे. हे ठरवायला टीसीपीडम्प नावाचे साधन आहे. ते तारेवरून काय जाते ते दाखवते. त्याला सांगायचे, दुसऱ्या पोर्टवर बस आणि ६७ व ६८ क्रमांकाची ये-जा दाखव. डीएचसीपीत सर्व्हर ६७ वर ऐकतो आणि मागणारा ६८ वर. मग संगणकाची तार काढून पुन्हा लावली. पडद्यावर ‘डिस्कव्हर’ आले. काही सेकंदांनी पुन्हा आले. तिसऱ्यांदा आले. ‘ऑफर’ एकही नाही.

म्हणजे तार, स्विच, पोर्ट, तिन्ही निर्दोष. हाक पोचते आहे. व्यवस्थापक बोलत नाही.

इथे आधी यजमानांचे काम करायचे होते. दुपारची गाडी आपल्यासाठी थांबणार नव्हती. मी संगणकात पत्ता हाताने भरला, १९२.१६८.१०.५०, मास्क २५५.२५५.२५५.०. पन्नास का? कारण सर्व्हर १०० ते १९९ वाटतो. त्या यादीतला पत्ता घेतला असता तर उद्या तोच दुसऱ्या कुणाला मिळाला असता आणि नवे भांडण लागले असते. सर्व्हरवरचा फोल्डर उघडला. गुरुजींनी गाव विचारले, आडनाव विचारले, आणि पान सापडले. ते गृहस्थ पडद्यासमोर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढून घेतला. मोडी त्यांना वाचता येत नव्हती, गुरुजींनी बोट ठेवून वाचून दाखवली.

या हाताने भरलेल्या पत्त्याचा तपासासाठीही उपयोग झाला. पान उघडले, म्हणजे दुसऱ्या पोर्टवर सर्व्हरचा स्वतःचा पत्ता आहे, तो बोलतो, फोल्डर देतो. बंद आहे ती फक्त पत्ते वाटणारी सेवा, आणि तीही फक्त याच पोर्टवर.

आता सेवेची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडली. पहाटे सर्व्हर सुरू झाला त्या मिनिटाची एक ओळ सगळे सांगून गेली. मराठीत सांगायचे तर, "या पोर्टला पत्ताच नाही, त्याच्या मोहल्ल्याची यादी मला सापडत नाही, म्हणून इथल्या मागण्यांकडे दुर्लक्ष करतो." आणि आत्ता पाहावे तर पोर्टला पत्ता आहे! हे कसे?

गुरुजींना विचारले, "रात्री बैठकीतला स्विच चालू होता का?" ते म्हणाले, "छे, झोपताना भिंतीवरचं बटण बंद करतो मी. सकाळी पूजा झाल्यावर लावतो." जुळले. पहाटे वीज आली, सर्व्हर उठला. बैठकीतला स्विच बंद, म्हणून दुसऱ्या पोर्टची तार मेलेली. तार मेलेली असताना सर्व्हरने त्या पोर्टला पत्ता लावला नाही. त्याच क्षणी पत्ते वाटणारी सेवा जागी झाली, तिने चारही चौकांत डोकावले, दुसऱ्या चौकाला नावच नाही हे पाहून तिथला कान बंद केला. नंतर गुरुजींनी स्विच लावला, तार जिवंत झाली, पोर्टला पत्ता आला, दिवा लागला. पण सेवेने पुन्हा डोकावून पाहिले नाही. रोज स्विच बंद होत होता तरी अडचण आली नव्हती, कारण सर्व्हर कधी बंद पडला नव्हता.

तात्पुरता उपाय सोपा, सेवा एकदा बंद करून चालू करायची. टीसीपीडम्पवर लगेच ‘डिस्कव्हर’, ‘ऑफर’, ‘रिक्वेस्ट’, ‘ॲक’, चारही ओळी दिसल्या, आणि संगणकाला पुन्हा आपोआप पत्ता मिळू लागला. पण असा उपाय म्हणजे पुढच्या वीजखंडनापर्यंतची रजा. पक्का उपाय नातवाने बंगळूरहून केला. एक, तार जिवंत नसली तरी पोर्टला त्याचा ठरलेला पत्ता लावायचा, अशी सूचना नेटवर्कच्या मांडणीत लिहिली. दोन, सर्व पोर्टांना पत्ते लागल्यावरच सेवा सुरू व्हावी असा क्रम लावला. मग आम्ही बैठकीतला स्विच बंद ठेवून सर्व्हर मुद्दाम पुन्हा सुरू केला आणि पाच मिनिटांनी स्विच लावला. संगणकाला पत्ता मिळाला. बिघाड मुद्दाम पुन्हा घडवून पाहिल्याशिवाय दुरुस्ती झाली असे म्हणू नये.

तिसरे पोर्ट: एका चौकात दोन व्यवस्थापक

पाहुण्यांचे दोन फोन शेजारी ठेवले. एकाचा पत्ता १९२.१६८.२० ने सुरू होणारा, तो चालू. दुसऱ्याचा १९२.१६८.१ ने, तो बंद. हा मोहल्ला तर मांडणीत कुठेच नव्हता! म्हणजे कुणी तरी दुसरा व्यवस्थापक चौकात बसून किल्ल्या वाटत होता.

तो होता वाय-फायचा डबा. असे डबे कारखान्यातून येतात तेव्हा पत्ते वाटायची सोय चालू असते. नातवाने ती बंद केली होती. अंधारात "नेट येत नाही" म्हणून कुणीतरी डब्यामागचे रीसेटचे बटण दाबले, आणि डबा मूळ स्वभावावर गेला. आता फोनने हाक मारली की दोघे उत्तर देत. ज्याचे आधी ऐकू येईल त्याची किल्ली फोन घेई. डब्याची किल्ली घेणाऱ्याला बाहेर जायची वाट म्हणून डब्याचाच पत्ता मिळे, आणि डब्याला पुढची वाट ठाऊक नव्हती. म्हणून काहींचे चालू, काहींचे बंद. डब्यातली सोय बंद केली, फोनचे वाय-फाय एकदा बंद-चालू केले, संपले.

लक्षात ठेवा, सगळ्यांचे बंद असेल तर व्यवस्थापक गप्प आहे. काहींचेच बंद असेल तर व्यवस्थापक दोन आहेत का ते पाहा, नाहीतर खोल्या संपल्या आहेत का ते पाहा.

खोल्या संपतात कशा

दशाश्वमेध घाटावर २०१५ साली सार्वजनिक वाय-फाय सुरू झाले. त्याच वर्षी घाटाकाठची माकडे ऑप्टिकल फायबरच्या तारा चावून तोडतात, ही बातमी जगभर छापून आली. माकडांचा बंदोबस्त आपल्या हाती नाही. पण संध्याकाळच्या गंगा आरतीच्या गर्दीकडे पाहून एक गणित मात्र शिकता येते.

समजा तुमच्या यादीत १०० पत्ते आहेत आणि लीज सात दिवसांची आहे. रोज २० नवे फोन येतात आणि दुसऱ्या दिवशी निघून जातात. फोन गेला तरी वहीत खोली त्याच्याच नावावर सात दिवस राहते. पाचव्या दिवशी शंभर खोल्या भरल्या. सहाव्या दिवशी घरात वीसच फोन असतील, तरी नव्या माणसाला पत्ता नाही. देवदिवाळीला काशीत पाहुणे भरतात तेव्हा नेमके हेच होते. उपाय, पाहुण्यांच्या पोर्टवर लीज १२ तासांची करा. राहणाऱ्याचा फोन सहा तासांनी आपोआप मुदत वाढवतो, त्याला काही कळतही नाही. गेलेल्याची खोली त्याच दिवशी मोकळी होते. घरच्या माणसांच्या पोर्टवर लांब लीज ठेवली तरी चालते.

वेगळे चौक की एकच मोठा चौक?

सर्वांनाच वेगळी नेटवर्क लागत नाहीत. घरात पाहुणे नसतील तर पोर्टांचा ‘ब्रिज’ करा, म्हणजे मधल्या भिंती पाडून एकच मोठा चौक. मात्र तीन गोष्टी पाळा.

ब्रिज केला की सर्व्हरचा पत्ता ब्रिजला द्यायचा, सुट्या पोर्टांना नाही. पत्ते वाटणाऱ्या सेवेलाही ब्रिजचेच नाव सांगायचे.

ब्रिज न करता दोन पोर्टांना एकाच मोहल्ल्याचे पत्ते देऊ नका. उत्तर कुठल्या दारातून पाठवायचे याचा सर्व्हरला घोळ होतो, आणि बिघाड कधी दिसतो, कधी दिसत नाही.

ब्रिजमध्ये तारांची गाठ पडू नये म्हणून एसटीपी नावाची सोय असते. ती चालू असेल तर नेहमीच्या मांडणीत नवी तार लावल्यावर पोर्ट सुमारे ३० सेकंद वाट पाहते. उतावळे यंत्र तेवढ्यात हाक मारून दमते आणि १६९.२५४ घेऊन बसते. तार लावून अर्ध्या मिनिटाने पुन्हा मागा, पत्ता मिळाला तर कारण कळले.

आज नवा सर्व्हर मांडत असाल तर एक माहिती. आयएससी या संस्थेने आपल्या जुन्या डीएचसीपी सर्व्हरची देखभाल २०२२ मध्ये थांबवली आणि त्याच्या जागी ‘किया’ दिला. घरगुती कामाला ‘डीएनएसमास्क’ही पुरतो. कोणताही घ्या, चौकांचा नियम तोच राहतो.

तपासाचा क्रम

१. चार चौकोन काढा. प्रत्येक पोर्टपुढे मोहल्ला आणि लक्षण लिहा. चालू आहे तेही लिहा.

२. पोर्टचा दिवा पाहा. नसेल तर तार आणि स्विच.

३. बंद यंत्राचा पत्ता पाहा. १६९.२५४ असेल तर उत्तर आलेले नाही. अनोळखी मोहल्ला असेल तर दुसरा व्यवस्थापक आहे.

४. सर्व्हरच्या त्या पोर्टला स्वतःचा पत्ता आहे का? पोर्टचे नाव बदलले आहे का? नवे कार्ड बसवल्यावर नावे बदलू शकतात, आणि सेवा जुन्या नावाची वाट पाहत बसते.

५. टीसीपीडम्पवर हाक येते का, उत्तर जाते का? टीसीपीडम्प तारेवरचे पाहतो, फायरवॉल त्याच्या आत असते. म्हणून हाक दिसते पण सेवेच्या लॉगमध्ये तिची नोंदच नाही, असे झाले तर फायरवॉलही तपासा.

६. सेवेचा लॉग वाचा. सर्व्हर सुरू झाला त्या मिनिटापासून वाचा.

७. यादीत मोकळे पत्ते उरले आहेत का?

८. दुरुस्तीनंतर वीज जाऊन आल्याची तालीम करा. सगळे बंद, मग उलटसुलट क्रमाने चालू.

आणि एक काम संगणकाबाहेरचे. मांडणीचा कागद सर्व्हरच्या शेजारी भिंतीला चिकटवा. पोर्टचा क्रमांक, नाव, मोहल्ला, कुठली तार कुठे जाते. गुरुजींच्या घरी ही सगळी माहिती नातवाच्या डोक्यात होती आणि नातू बंगळूरला. अनेक घरांत तसेच आहे. मुले मांडून देतात आणि परगावी जातात, मागे राहतात ते आई-वडील आणि लुकलुकणारे दिवे. मुलांनो, पुढच्या खेपेला घरी जाल तेव्हा तो एक कागद लिहून या. आई-वडिलांना त्यातले सगळे कळायला नको. फोनवर "दोन नंबरच्या तारेचा दिवा लागलाय का?" एवढे विचारता आले तरी अर्धे काम होते.

पुढच्या भागात सर्व्हरवरच्या फोटोंची दुसरी प्रत घराबाहेर कशी ठेवायची ते पाहू. पेटीतली वही एकच असते, फोटोची प्रत एकच ठेवायचे कारण नाही.

जय हिंद.